फळीवरची विमानं : एका वाचनयादीच्या प्रकल्प नोंदी

9 जून 2025

30 मे रोजी खडकवासल्याच्या एनडीएतून, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीतून, मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. 17 जणी. पेपरांत फोटो आले आणि लगेच आमच्या वाचनालयात अकरावी-बारावीच्या मुली विचारू लागल्या, "युद्धात विमान उडवणाऱ्या बायकांवर काही आहे का?" ग्रंथपालबाईंनी कपाटं धुंडाळली. महायुद्धावर मराठीत ढीगभर पुस्तकं निघाली. हिटलर आहे, रोमेल आहे, चर्चिल आहे. बाई शोधायला गेलं तर परिचारिका, हेर, नाहीतर कुणाची तरी बायको. बाईंनी काम माझ्या गळ्यात घातलं: यंदाच्या खरेदीतून एक फळी भरेल एवढी पुस्तकं निवड, आणि बहुतेक इंग्रजीच असणार म्हणून प्रत्येकाला मराठी टिपण जोड, म्हणजे पोरी पहिल्या पानावरून परत फिरणार नाहीत.

चहाच्या टपरीवर हे बोलणं चाललेलं काकांनी ऐकलं. काका ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमान कारखान्यातून, निवृत्त झालेले. मिग 21 या लढाऊ विमानाच्या दुरुस्तीत त्यांची हयात गेली. म्हणाले, "बाई शूर होती, शूर होती असं तीनशे पानं सांगणारी पुस्तकं आणू नकोस. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा, कुठं होता, इंजिन तापायचं का, उतरताना नाक किती वर ठेवायचं, हे ज्यात आहे ते आण. त्यावरनं कळतं ती काय करत होती ते."

मला हे पटलं. निवडीचा निकष हाच ठेवतोय: पुस्तकात विमान किती आहे. ज्या पुस्तकात विमान नुसतं पार्श्वभूमीला उभं आहे, ते कितीही गाजलेलं असो, त्याला फळीवर जागा नाही.

15 जून

सुरुवात ब्रिटनपासून, कारण छापील मजकूर तिथला सगळ्यात जास्त.

एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी, म्हणजे एटीए. कारखान्यातून बाहेर पडलेली विमानं हवाई दलाच्या तळांवर पोचवायची, दुरुस्तीची परत आणायची, एवढंच या संस्थेचं काम. लढायचं नाही, बंदुकीत गोळ्या नाहीत, रेडिओही नाही. लढाऊ वैमानिक या कामात अडकू नयेत म्हणून ज्यांना हवाई दल घेत नव्हतं त्यांना गोळा केलं: वय झालेले, एका डोळ्याचे, एका हाताचे, आणि बायका. 1 जानेवारी 1940 ला पॉलीन गॉवर हिच्या हाताखाली हॅटफिल्डला आठ जणी रुजू झाल्या. त्यांना सुरुवातीला फक्त टायगर मॉथ दिली. उघड्या कॉकपिटचं शिकाऊ विमान, आणि पोचवायचं ऐन हिवाळ्यात पार स्कॉटलंडपर्यंत. त्याच सुमारास एका नामांकित विमानविषयक साप्ताहिकाचे संस्थापक सी. जी. ग्रे लिहीत होते की जिला इस्पितळाची फरशी धड पुसायची अक्कल नाही तिला बॉम्बर उडवायचंय. युद्ध संपेपर्यंत एटीएत 168 बायकांनी विमानं उडवली. 1943 साली त्यांचा पगार पुरुषांएवढा झाला. त्याआधी वीस टक्के कमी होता.

पहिलं पुस्तक नक्की: लेटिस कर्टिस यांचं 'द फरगॉटन पायलट्स', 1971 चं. या बाई ऑक्सफर्डला गणित शिकलेल्या, लँकॅस्टर हे बॉम्बर उडवणारी पहिली स्त्री, चार इंजिनांची शेकडो बॉम्बर त्यांनी पोचवली. पुस्तकही गणितवालीनं लिहावं तसंच आहे. कुठल्या केंद्रातून किती विमानं, कुठल्या विमानाला कुठला वर्ग, कोण कुठे पडलं. गप्पा नाहीत. स्वतःबद्दल तर जवळजवळ काहीच नाही. मुली हे सलग वाचणार नाहीत, पण बाकी सगळी पुस्तकं जिथून उचलाउचली करतात ते हे पुस्तक, तेव्हा फळीवर हवंच. जुनी प्रत मिळते का बघायला फोर्टातल्या एका दुकानदाराला सांगून ठेवलंय.

22 जून

काकांना एटीएमधलं सर्वात काय आवडलं असेल तर ती कार्डं.

'फेरी पायलट्स नोट्स' नावाची छोटी वही असायची, कड्यांमध्ये ओवलेली, खिशात मावणारी. एका विमानाला एक कार्ड. उड्डाणाला इंजिनाचे फेरे किती, फ्लॅप (पंखाच्या मागच्या झडपा) किती अंशांवर, चाकं कुठल्या वेगाला खाली सोडायची, उतरताना वेग किती, आणि या विमानाची खोड काय. सकाळी फलकावर नाव लागायचं आणि त्यापुढे चार विमानं. त्यातलं एखादं आयुष्यात पाहिलेलं नसायचं. पंखाशी उभं राहून कार्ड वाचायचं, आत बसून हाताने सगळे दांडे चाचपायचे आणि निघायचं. विमानांचे सहा वर्ग होते: हलकी एक-इंजिनी पहिल्या वर्गात, स्पिटफायर-हरिकेनसारखी लढाऊ विमानं दुसऱ्यात, असं करत चार इंजिनं पाचव्यात आणि समुद्री विमानं सहाव्यात. एका वर्गाचं शिक्षण झालं की त्या वर्गातलं कुठलंही विमान उचलायचं. पाचव्या वर्गापर्यंत अकरा बायका पोचल्या.

काकांना हे खरं वाटेना. मिगवर एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जायचं तर महिनोन्‌महिने वर्ग चालायचे, असं ते सांगत होते. मग त्यांनी मला स्पिटफायरच्या पहिल्या आवृत्तीबद्दल समजावलं, आणि ते मी इथे लिहून ठेवतो, कारण कार्डावर येणार आहे. त्या विमानाची चाकं आत घ्यायला हातपंप होता, उजव्या बाजूला. म्हणजे उड्डाण झाल्या झाल्या डाव्या हाताने थ्रॉटल सोडायचा, विमान वळवायची काठी उजव्या हातातून डाव्यात घ्यायची आणि उजव्याने पंप मारायचा. पंप मारताना डावा हातही नकळत हलतो, त्यामुळे नवखा वैमानिक कोण आहे ते जमिनीवरून कळायचं: विमान खालीवर उड्या मारत वर चढायचं. त्यात नाक एवढं लांब की जमिनीवर असताना समोरचं काही दिसत नाही, नागमोडी चालवत न्यायचं. आणि जास्त वेळ नागमोडी चालवलं तर इंजिन उकळायला लागतं, कारण चाक खाली असताना त्याची दांडी रेडिएटरची हवा अडवते. घाई करायची आणि घाई करायचीही नाही.

ठरलं. टिपण म्हणजे लांबलचक परीक्षण लिहायचं नाही. प्रत्येक पुस्तकाला पोस्टकार्डाच्या आकाराचं एक कार्ड: सुरुवात कुठून करायची, कुठे गती मंदावते, कुठला नकाशा जवळ ठेवायचा, आणि पुस्तकाची खोड काय.

29 जून

एटीएच्या आठवणींतून तीन निवडली.

जॅकी मॉग्रिज, 'स्पिटफायर गर्ल'. मूळ पुस्तक 1957 चं, 'वुमन पायलट' नावाचं. अलीकडे नव्या नावाने निघालं. दक्षिण आफ्रिकेची मुलगी, इंग्लंडला विमान शिकायला आली आणि युद्ध सुरू झालं. तिने दीड हजारावर विमानं पोचवली. पण या पुस्तकाची खरी गंमत युद्धानंतरची आहे. इस्रायलने ब्रह्मदेशाला विकलेली जुनी स्पिटफायर सायप्रसहून रंगूनपर्यंत न्यायचं काम तिला मिळालं. लहान टाकीचं, इंग्लंडच्या गार हवेसाठी घडवलेलं विमान आपल्या बाजूच्या उन्हात न्यायचं. तिची लेखणी धावती आहे. मुलींनी सुरुवात यापासून करावी.

डायना बार्नाटो वॉकर, 'स्प्रेडिंग माय विंग्ज', 1994. श्रीमंताघरची लेक, वडील मोटारींच्या शर्यतीतले. पुस्तकात मेजवान्या फार आहेत आणि काका त्या पानांना कंटाळले. पण टायफून या लढाऊ विमानाचा प्रसंग त्यांनी दोनदा वाचला. हवेत असताना विमानाच्या पोटाखालचा पत्रा उडून गेला, पायाखाली मोकळं, थंड वारा आत. या बाईने काय केलं? आधी उंची राखली आणि हळूहळू वेग कमी करत हे मोडकं विमान आता कुठल्या वेगाला कोसळतं ते वरच तपासलं. तो आकडा कार्डावरच्या आकड्यापेक्षा खूप जास्त निघाला. मग त्याहून जास्त वेगाने उतरली. कार्डावरच्या वेगाने उतरली असती तर धावपट्टीच्या अलीकडेच पडली असती. काका म्हणाले, "ही टेस्ट पायलटची अक्कल आहे." 1963 साली याच बाईने लाइटनिंग विमानातून ताशी 1,262 मैल वेग गाठला, आवाजाचा वेग ओलांडणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री.

मेरी एलिस, 'अ स्पिटफायर गर्ल', 2016. वयाच्या शंभरीला टेकलेल्या बाईच्या आठवणी, मेलडी फोरमन हिने शब्दांत उतरवलेल्या. वेलिंग्टन बॉम्बर घेऊन एकटी उतरली तेव्हा तळावरचे लोक विमानात शिरून वैमानिकाला शोधत होते, तो किस्सा यातलाच. किस्सा आता सगळीकडे फिरतो. मूळ इथे वाचावा. विमान कमी, पण जेवढं आहे तेवढं हाताळलेलं.

एमी जॉन्सनवर स्वतंत्र पुस्तक घ्यायचं की नाही यावर बाईंशी चर्चा. 1930 साली एकटीने इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया गेलेली ती. वाटेत इंधन संपत आल्यावर झाशीच्या परेड मैदानावर तिने विमान उतरवलं होतं, हे इथल्या वाचकाला सांगावंसं वाटतंच. 5 जानेवारी 1941 ला एटीएचं एअरस्पीड ऑक्सफर्ड पोचवताना ढगांत वाट चुकून ती टेम्सच्या मुखाशी पाण्यात गेली. पण तिचं नाव इतर पुस्तकांत येतंच, आणि तिच्यावरच्या लिखाणात शेवटच्या उड्डाणाचं गूढच जास्त चघळलंय. स्वतंत्र पुस्तक नको.

13 जुलै

रशिया. यावर वेळ लागणार हे माहीतच होतं.

आधी थोडक्यात मांडणी. मारिना रास्कोवा ही रशियातली तेव्हाची घराघरात माहीत असलेली दिक्दर्शक, म्हणजे विमानात बसून वाट दाखवणारी. 1938 साली तिघींनी मॉस्कोहून थेट अतिपूर्वेपर्यंत उड्डाण केलं. इंधन संपल्यावर पोटावर उतरायचं ठरलं, आणि विमानाच्या नाकात बसलेली रास्कोवा त्यात चिरडली जाईल म्हणून तिला पॅराशूटने उडी मारायला लावली. तैगाच्या जंगलात दहा दिवस भटकून ती विमानापाशी पोचली. तिच्याच शब्दावर ऑक्टोबर 1941 मध्ये स्टालिनने बायकांच्या तीन रेजिमेंट उभ्या करायला परवानगी दिली. व्होल्गाकाठच्या एंगेल्स गावी शिक्षण. 586 वी याक लढाऊ विमानांची, 587 वी पे-2 या डाइव्ह बॉम्बरची (सूर मारून बॉम्ब टाकणारं विमान), 588 वी रात्रीच्या बॉम्बहल्ल्यांची. शेवटपर्यंत पूर्णपणे बायकांचीच राहिली ती 588 वी, येवदोकिया बेर्शान्स्काया हिच्या हाताखाली. जर्मन लोक जिला रात्रीच्या चेटकिणी म्हणायचे ती हीच.

हिच्यावर इंग्रजीत इतकं लिहिलंय की निवडणं कठीण, आणि त्यातलं बरंच एकमेकांवरून उतरवलेलं. मी काकांच्या मदतीने विमानापासून सुरुवात केली. पो-2: लाकडी सांगाडा, वर कापड, पाच सिलिंडरचं शंभर अश्वशक्तीचं इंजिन, उघडं कॉकपिट. मुळात शिकाऊ आणि शेतीवर फवारणी करणारं विमान. वेग ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर, जोर लावला तर दीडशे. रेडिओ नाही, बहुतेक काळ पॅराशूटही नाहीत. त्या वजनात अजून थोडे बॉम्ब मावत. लक्ष्याजवळ आलं की इंजिन मंद करायचं, घरंगळत खाली यायचं, बॉम्ब सोडायचे, पुन्हा इंजिनाला जोर देऊन पळायचं. एका रात्रीत आठ-दहा फेऱ्या सहज. युद्धभरात तेवीस हजारांवर फेऱ्या, 23 जणींना सोव्हिएत संघाचा वीर हा सर्वोच्च किताब.

आता दंतकथा. प्रत्येक दुसऱ्या पुस्तकात लिहिलेलं असतं की हे विमान इतकं हळू होतं की जर्मन मेसरश्मिट त्याला पाडूच शकत नव्हतं. यात तथ्य आहे: मेसरश्मिट 109 ज्या वेगाला हवेत टिकतच नाही त्या वेगाने पो-2 आरामात चालायचं. हायवेवरच्या ट्रकने सायकलच्या मागे सायकलच्या वेगाने चालायचा प्रयत्न करावा तसं ते. पण "पाडूच शकत नव्हतं" हे खोटं. 31 जुलै 1943 च्या रात्री दक्षिण रशियातल्या कुबानवर प्रकाशझोत लागले, आणि नेहमीच्या तोफा मात्र गप्प राहिल्या. तोफा गप्प का, हे कळायच्या आत पहिलं विमान पेटलं. वर जर्मन रात्रपाळीचं दोन इंजिनी लढाऊ विमान होतं. त्या रात्री चार विमानं गेली, आठ जणी. कापडाचं विमान कसं जळतं ते मागून येणाऱ्या बाकीच्यांनी पाहिलं आणि तरी त्या त्याच वाटेने निघाल्या होत्या, कारण एकामागून एक ठरावीक अंतराने सुटायचं असं ठरलेलं होतं.

म्हणून चाळणी अशी लावली: पुस्तक उघडायचं आणि 31 जुलैची रात्र त्यात आहे का बघायची. जे पुस्तक हळू विमानाची दंतकथा सांगतं आणि ही रात्र गाळतं, ते बाद. हातात आलेल्यांपैकी दोन जाडजूड याच चाळणीत गळली.

राहिली ती: ॲन नॉगल, 'अ डान्स विथ डेथ', 1994. नॉगल स्वतः अमेरिकेत युद्धकाळात विमान उडवलेली, पुढे छायाचित्रकार झाली. ती रशियात गेली आणि या म्हाताऱ्या झालेल्या वैमानिकांच्या, दिक्दर्शकांच्या, यंत्रज्ञांच्या मुलाखती घेतल्या, फोटो काढले. प्रश्न विचारणारीलाच विमान येतं, त्यामुळे उत्तरं वेगळी येतात. पे-2 ची काठी ओढायला इतकी जड होती की उड्डाणाच्या वेळी मागची दिक्दर्शकही हात लावायची, असल्या गोष्टी यात सापडतात. आणि रीना पेनिंग्टन, 'विंग्ज, विमेन अँड वॉर', 2001. इतिहासकाराचं काम, किती, कुठे, कुणाच्या आदेशाने, आणि युद्ध संपल्यावर या सगळ्यांना घरी का पाठवलं.

14 जुलै

कालच्यात राहिलं. लिडिया लित्व्याक, याक उडवणारी लढाऊ वैमानिक. मुलींना तिचंच नाव माहीत असतं, कारण फोटो सुंदर आहे आणि ती एकविसाव्या वर्षी नाहीशी झाली. 1 ऑगस्ट 1943, म्हणजे कुबानवरची ती भयंकर रात्र उलटली त्याच दिवशी, तिचं याक परत आलं नाही. तिने किती विमानं पाडली याचे आकडे पुस्तकागणिक बदलतात. कार्डावर आकडा लिहिणार नाही. वीर किताब तिला मिळाला 1990 साली.

मला स्वतःला लित्व्याकपेक्षा येवगेनिया रुद्नेवा जास्त लक्षात राहिली. मॉस्को विद्यापीठात खगोलशास्त्र शिकणारी, 588 मध्ये दिक्दर्शक. एप्रिल 1944 मध्ये केर्चजवळ गेली. एका लघुग्रहाला तिचं नाव आहे, 1907 रुद्नेवा. आमच्याकडच्या आकाशदर्शन मंडळाच्या पोरांना हे सांगायला हवं.

27 जुलै

अण्णा तिमोफेयेवा-येगोरोवा, 'रेड स्काय, ब्लॅक डेथ'. काकांच्या मते सगळ्या यादीतलं पहिल्या क्रमांकाचं, आणि मी वाद घालणार नाही.

मॉस्कोच्या मेट्रोच्या बोगद्यात काम करणारी मुलगी, फ्लाइंग क्लबात विमान शिकली. आधी पो-2 वर निरोप्याचं काम आणि मग इल-2, जमिनीलगत उडून रणगाड्यांवर हल्ला करणारं. हे विमान म्हणजे पुढचा अर्धा भाग पोलादी चिलखताचा टबच. नुसतं चिलखत सातशे किलोच्या घरातलं. तिच्या रेजिमेंटमध्ये बाकी सगळे वैमानिक पुरुष. ऑगस्ट 1944 मध्ये पोलंडवर तिचं विमान पडलं, ती भाजलेल्या अवस्थेत जर्मनांच्या हाती लागली, क्युस्ट्रिनच्या छावणीत राहिली. सुटका झाली आणि तिच्याच सैन्याच्या हेरखात्याने तिची चौकशी सुरू केली: जिवंत कशी राहिलीस? किताब मिळायला 1965 उजाडलं.

चौकशीचा भाग ती फार थोडक्यात लिहिते, आवाज न चढवता. विमानाचा भाग सविस्तर. चिलखताच्या आत बसून खालच्या बंदुका कशा ऐकू येतात, हे वाचताना काका चष्मा काढून बसले होते.

बाईंनी स्वेतलाना अलेक्सियेविच यांचं 'द अनवुमनली फेस ऑफ वॉर' सुचवलं. मोठं पुस्तक आहे, वादच नाही, आणि वैमानिक बायका त्यात आहेतच. पण विमान त्यात नाही. तिथे बूट, रक्त, केस, भीती आहे. माझ्या निकषाने बाद व्हायला हवं. बाई म्हणाल्या, "तुमचा निकष काकांसाठी आहे. पोरींना पाळी चालू असताना कॉकपिटात सहा तास कसं बसायचं हेही विचारायचं असतं, आणि ते तुमच्या थ्रॉटलवाल्या पुस्तकांत नाही." उत्तर नव्हतं माझ्याकडे. पुस्तक फळीवर.

10 ऑगस्ट

अमेरिका. वास्प, म्हणजे विमेन एअरफोर्स सर्व्हिस पायलट्स. 25 हजार अर्ज, 1,830 जणी शिक्षणाला घेतल्या, 1,074 पार पडल्या. टेक्सासातल्या स्वीटवॉटरला शिक्षण. सैन्यात गणतीच नव्हती, कागदोपत्री नागरी नोकर. 38 जणी मेल्या, आणि शवपेटी घरी पाठवायला मैत्रिणींनी वर्गणी काढली. 20 डिसेंबर 1944 ला संस्थाच बंद केली. सैनिक म्हणून मान्यता 1977 मध्ये.

कॅथरीन शार्प लँडेक, 'द विमेन विथ सिल्व्हर विंग्ज', 2020. बंद कशी पाडली त्याचं राजकारण यात नीट आहे. एवढं एकच घेतोय.

बी-29 या चार इंजिनी बॉम्बरचा किस्सा मात्र कार्डावर घालणार, कारण तो आपल्या इथवर येतो. या विमानाची इंजिनं जमिनीवरच तापून पेट घ्यायची, म्हणून पुरुष वैमानिक बसायला तयार नव्हते. पुढे हिरोशिमावर गेलेला पॉल टिबेट्स, त्याने 1944 च्या उन्हाळ्यात डोरा डॉर्टी आणि डोरोथिया जॉन्सन या दोघींना तीन दिवसांत ते विमान शिकवलं. एकही चार इंजिनी विमान त्यांनी आधी उडवलं नव्हतं. युक्ती साधी: उभं राहून इंजिनं तपासत बसायचं नाही, धावपट्टीवर पळतापळता तपासायची, म्हणजे हवा लागते. त्यांनी न्यू मेक्सिकोत पुरुषांना बसवून फिरवून आणलं आणि तक्रारी थांबल्या. त्याच वर्षी हीच बी-29 खरगपूर आणि चाकुलियाच्या तळांवर आली आणि बंगालच्या उन्हात इंजिनांनी तोच त्रास दिला.

24 ऑगस्ट

आज वाद झाला. जर्मन बायका घ्यायच्या की नाही.

क्लेअर मुली, 'द विमेन हू फ्लू फॉर हिटलर', 2017. दोघींची चरित्रं शेजारीशेजारी. हाना राइच: 1938 साली बर्लिनच्या बंदिस्त सभागृहात हेलिकॉप्टर उडवून दाखवणारी, रॉकेटवरच्या मेसरश्मिट 163 च्या चाचणीत चेहरा फोडून घेतलेली, शेवटच्या दिवसांत वेढ्यातल्या बर्लिनमध्ये विमान घेऊन गेलेली. आणि मेलिटा फॉन श्टाउफेनबर्ग: अभियंता, वडिलांकडून ज्यू वंशाची, डाइव्ह बॉम्बरच्या दोन हजारांवर चाचण्या स्वतः उडवून स्वतःच त्याचं गणित मांडणारी. तिच्या दिराने हिटलरच्या खोलीत बॉम्ब ठेवला. एप्रिल 1945 मध्ये अमेरिकन विमानाने तिला पाडलं.

वाचनालयाच्या समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "नात्झी बाईचं कौतुक आपल्या फळीवर कशाला?" मी म्हटलं, कौतुक नाही, पुस्तक वाचा. लेखिका क्लेअर मुली राइचला सोडत नाही. युद्धानंतरही तिला पश्चात्ताप नव्हता हे ठणकावून सांगते. राइचचं स्वतःचं आत्मचरित्र मात्र मी घेणार नाही. त्यात उड्डाणं बहारीची आणि बाकी सगळ्यावर पांघरूण. आणखी एक गोष्ट मी समितीला सांगितली: 1959 साली नेहरूंनी याच हाना राइचला ग्लायडिंगसाठी भारतात बोलावलं होतं आणि ती त्यांना ग्लायडरमधून दिल्लीवर फिरवून आली होती. आपल्याकडे ती फक्त धाडसी वैमानिक म्हणून पोचली. मुलींच्या हाती पूर्ण गोष्ट पडलेली बरी.

पुस्तक मंजूर. कार्डावरची खोड: "विमान उत्तम येणं आणि माणूस उत्तम असणं वेगळं."

काकांनी ती ओळ खोडायला लावली. म्हणाले, "हे वाचणारीला कळतं." त्याजागी वाचताना अडेल अशी जर्मन पदनामं लिहिली.

7 सप्टेंबर

भारताचं पुस्तक एकच, पण ते नसेल तर फळी अर्धी. 'द कारगिल गर्ल', 2020, गुंजन सक्सेना आणि किरण निर्वाण. सिनेमा सगळ्यांनी पाहिलाय आणि त्यातल्या हवाई दलाच्या चित्रणावर दलानेच हरकत घेतली होती हेही सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे सिनेमा बाजूला ठेवून पुस्तक वाचायला सांगायचं.

यात विमान म्हणजे चीता हेलिकॉप्टर. फ्रेंच लामाची आपल्याकडे बनलेली आवृत्ती. 1972 साली लामा 12,442 मीटरवर गेलं होतं, म्हणजे विरळ हवेसाठीच घडवलेलं यंत्र. 1999 मध्ये द्रास-बटालिकच्या डोंगरांत जखमी आणणं, रसद टाकणं, शत्रूच्या जागा हेरणं. आणि हे सगळं बिनशस्त्र. काका हेलिकॉप्टरवाले नाहीत, तरी एवढ्या उंचीवर भार किती उचलता येतो याचं गणित त्यांनी मुलींना फळ्यावर करून दाखवलं: हवा विरळ, तापमान चढलं की अजून विरळ, मग माणूस घ्यायचा की इंधन. मुली वह्या काढून बसल्या.

21 सप्टेंबर

कथा-कादंबऱ्यांचा कप्पा छोटाच. एलिझाबेथ वाइन हिचं 'कोड नेम व्हेरिटी', 2012. लेखिका स्वतः विमान उडवते. तिची मॅडी ही यंत्रांची नाद असलेली मुलगी एटीएत जाते आणि लायसँडरपर्यंत पोचते. गुप्तहेरांना फ्रान्सच्या कुरणात रात्री उतरवणारं ते विमान, बाजूला पक्की शिडी लावलेलं. एटीएची बाई प्रत्यक्षात तिकडे पाठवली गेली असती का, तर नाही. कादंबरीत चालतं. अर्ध्यात कथा सांगणारी बदलते, तिथे सोडू नका असं कार्डावर मोठ्या अक्षरात.

आणखी तीन कादंबऱ्या आल्या होत्या. तिन्हींत नायिका स्पिटफायरच्या पंखावर बसून प्रियकराची वाट बघते. परत.

5 ऑक्टोबर

फळी लागली. कार्डं हातानेच लिहिली, एका मुलीचं अक्षर सुरेख आहे तिने. नमुन्यादाखल एक इथे उतरवतो:

"रेड स्काय, ब्लॅक डेथ. सुरुवात: मेट्रोच्या बोगद्यापासून, प्रस्तावना नंतर वाचा. नकाशा: पोलंड, व्हिस्तुला नदी. मंदावतं: रेजिमेंटमधल्या नावांच्या गर्दीत, नावं सोडून द्या, विमान धरून ठेवा. विमान: इल-2, दोन जणांचं, मागे बंदूकवाला. तिची बंदूकवालीही बाईच होती. खोड: सगळ्यात वाईट गोष्टी सगळ्यात कमी शब्दांत."

मॉग्रिज पहिल्याच दिवशी गेलं. नॉगलही गेलं, आणि ते नेलं आयटीआयला विमान दुरुस्ती शिकणाऱ्या एका मुलीने. तिला वैमानिक व्हायचंच नाही. ती विचारत होती, की अंधारात, दिवा न लावता, बर्फात बॉम्ब अडकवणाऱ्या आणि पाच मिनिटांत विमान परत सोडणाऱ्या यंत्रज्ञ मुलींवर वेगळं पुस्तक आहे का. नॉगलमध्ये त्यांच्या मुलाखती आहेत, त्या पानांवर चिठ्ठ्या लावून दिल्या. काकांनी तिला शनिवारी टपरीवर बोलावलंय. कर्टिसची जुनी प्रत फोर्टातून अजून यायची आहे. दुकानदाराला पुन्हा फोन करायचा, आणि पुढच्या मागणीत यंत्रज्ञांवरचं काय मिळतं ते बघायचं.